डिझेलचं हेवी ड्युटी ऑइल पेट्रोल कारमध्ये: चालतं, की आपण चालवून घेतो?

दुसरा_गिअर
मंडळी, घरात वाद पेटलाय, निवाडा करा.

मेव्हण्याचे दोन ट्रक आहेत. परवा येताना त्याने १५डब्ल्यू-४० या जाडीच्या इंजिन ऑइलची २० लिटरची बादली आणून आमच्या दारात ठेवली. ट्रकमध्ये भरून उरलेलं, निम्मं तरी असेल. म्हणाला, "तुझ्या जुन्या गाडीत ओत. ट्रक लाखो किलोमीटर याच्यावर पळतात, तुझं ते शिलाई मशीन काय घेऊन बसलास."

शिलाई मशीन म्हणजे माझी १४ वर्षांची १.२ लिटर पेट्रोल गाडी. १ लाख ३८ हजार किमी झालेत. सकाळी सेल्फ मारला की चार-पाच सेकंद टॅपेट (इंजिनच्या झडपा हलवणारे भाग) टकटकतात, मग गप्प. बाकी तक्रार नाही. नेहमीचा सर्व्हिसवाला म्हणतो, "डिझेलचं तेल टाकलंत तर इंजिन माझ्याकडे आणू नका." दोघंही ठाम आहेत, आणि का ते दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

दुसरी गाडी बायकोची. दोन वर्षांची, टर्बो पेट्रोल. मेव्हण्याचं म्हणणं तिच्यातही ओत.

निवांत
तेल ते तेल. ओता आणि झोपा.

हायवेवाला
माझ्या आधीच्या पेट्रोल गाडीत सात वर्षं हेच घालत होतो. १५डब्ल्यू-४०, ट्रकवाल्यांचंच. गाडी २ लाख १० हजार किमीला विकली तेव्हा धूर नाही, आवाज नाही. घेणाऱ्याने डिपस्टिक काढून वास घेतला आणि खूश झाला. का ते मला आजही माहीत नाही. मेव्हणे बरोबर सांगतायत.

शंकेखोर
हायवेवाला, दुसरं तेल घातलं असतं तर ती गाडी २ लाख १० हजाराला कशी असती, हे कसं कळणार? कदाचित याहून बरी असती. "माझे आजोबा विड्या ओढून नव्वद वर्षं जगले" त्यातला प्रकार.

हायवेवाला
आजोबांना मध्ये आणू नका. गाडी चालली हे खरं की खोटं?

पान्ना_१३
बावीस वर्षं इंजिनं उघडतोय. एक किस्सा सांगतो.

जुनी पेट्रोल गाडी. मालक ऑइल बदलायच्या बाबतीत महाआळशी. कुणाच्या तरी सांगण्यावरून डिझेलचं तेल टाकलं. "इंजिन आतून धुऊन निघतं" म्हणे. पाचशे किलोमीटरवर ऑइल प्रेशरचा दिवा लागला आणि हा तसाच घरी चालवत गेला. चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) खाली उतरवला तर पंपाच्या जाळीवर काळा चिकट लगदा, बोटाने खरवडून काढावा लागला. बेअरिंग गेली होती. हाफ इंजिनचं काम निघालं. तेव्हापासून मी पेट्रोल गाडीत डिझेलचं तेल टाकत नाही आणि टाकू देत नाही.

खडूस_काका
म्हणजे सात वर्षं चालतं, नाहीतर पाचशे किलोमीटर. छान, चित्र स्पष्ट झालं.

स्निग्धा
वंगणाच्या प्रयोगशाळेत काम करते म्हणून थोडं लांबण लावते. आयडी त्यावरूनच घेतलाय, हसू नका.

मुळात "डिझेलचं तेल" आणि "पेट्रोलचं तेल" अशा दोन वेगळ्या जाती नाहीत. बेस ऑइल साधारण तेच, फरक आत घातलेल्या रसायनांच्या प्रमाणात. डब्यामागे एपीआय या अमेरिकी संस्थेने ठरवलेल्या दर्जाची अक्षरं असतात. एस ने सुरू होणारी पेट्रोलची: एसएल २००१, एसएन २०१०, एसपी २०२०. सी ने सुरू होणारी डिझेलची: सीआय-४ २००२, सीजे-४ २००६, सीके-४ २०१६ च्या अखेरीस. पुष्कळ डब्यांवर दोन्ही असतात, उदा. सीआय-४ प्लस / एसएल. त्याचा अर्थ ते तेल दोन्हीकडच्या चाचण्या पास झालंय. त्यामुळे पहिला प्रश्न "डिझेलचं चालेल का" हा नाहीच. डब्यावर एस चं अक्षर आहे का, आणि ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात मागितलेल्या अक्षराइतकं किंवा त्याच्या पुढचं आहे का, हा आहे.

ट्रकच्या तेलात जास्त काय असतं? एक, डिस्पर्संट. डिझेल जळताना काजळी फार होते. तिचे कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत, सुटेच तरंगत राहावेत, हे याचं काम. ट्रकचं तेल हजार किलोमीटरात डांबरासारखं काळं होतं ते खराब झालं म्हणून नाही, काजळी पोटात धरून ठेवलीय म्हणून. दोन, डिटर्जंट. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार. जळणातून होणारं आम्ल हे मारतात. तीन, झिंक आणि फॉस्फरसचं झिजरोधक, ज्याला आम्ही झेडडीडीपी म्हणतो. कॅम आणि टॅपेट जिथे घासतात तिथे हे धातूवर पातळ थर धरतं.

आता तोटा. हाच फॉस्फरस तेलाबरोबर जळून सायलेन्सरकडे गेला की धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याला हळूहळू निकामी करतो. म्हणून पेट्रोलच्या पातळ ग्रेडमध्ये, म्हणजे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० वगैरेमध्ये, एसएन ला फॉस्फरस ०.०८ टक्क्याच्या वर चालत नाही. सीजे-४ आणि सीके-४ ला ०.१२ पर्यंत मुभा आहे. गंमत म्हणजे ०.०८ ची ती अट १५डब्ल्यू-४० सारख्या जाड ग्रेडना लागूच नाही.

टप्पेट
म्हणूनच तर टाकायचं! जुन्या इंजिनांना झिंक पाहिजेच. नव्या तेलातलं झिंक पर्यावरणवाल्यांनी काढलं आणि कॅम झिजायला लागले.

स्निग्धा
टप्पेट, चपट्या टॅपेटचे जुने कॅम आणि कडक स्प्रिंगा असतील तर तुमच्या बोलण्यात तथ्य आहे. रोलरवाल्या इंजिनांना तेवढी गरज नसते. आणि जितकं जास्त तितकं भलं असंही नाही. डिटर्जंट आणि झिंक दोघांनाही धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा हवी असते, त्यांच्यात चढाओढ लागते. ट्रकच्या तेलात दोन्ही भरपूर, म्हणून फक्त झिंकचा आकडा बघून उड्या मारू नयेत.

पान्नादादा, तुमच्या किश्श्याबद्दल. डिटर्जंट म्हणजे साबण नव्हे. पाचशे किलोमीटरात ते वर्षानुवर्षांचा गाळ सोडवेल हे मला पटत नाही. तो गाळ जाळीवर आधीपासून असणार.

पान्ना_१३
ताई, तुम्ही तेल बाटलीत बघता, मी चेंबरमध्ये. आधी दिवा लागत नव्हता, तेल बदलल्यावर लागला.

शंकेखोर
तेल बदलायचं कारण काय होतं? मुळात काहीतरी बिघडलं म्हणूनच बदललं ना?

पान्ना_१३
...आवाज येत होता म्हणे. हे मी विचारात घेतलं नव्हतं. तरीही टाकणार नाही.

मायलेजमास्तर
सगळे रसायनात अडकलेत. जाडीचं बोला की! १५डब्ल्यू मधला डब्ल्यू थंडीचा. १५डब्ल्यू चं तेल उणे २० अंशावर ठराविक मर्यादेपेक्षा घट्ट होता कामा नये, ५डब्ल्यू चं उणे ३० ला, ०डब्ल्यू चं उणे ३५ ला. "आमच्याकडे कुठे उणे २०" म्हणाल, पण पाच-सात अंशावरही फरक कळतो. मी एका थंडीत १५डब्ल्यू-४० घातलं होतं. सकाळी स्टार्टर असा कण्हायचा की शेजारी खिडकी उघडून बघायचे. ५डब्ल्यू-३० वर आलो आणि आवाज बंद.

मायलेजही पडलं. किती ते सांगत नाही, शंकेखोर वही मागतील.

शंकेखोर
वही आहे का?

मायलेजमास्तर
होती. उंदरांनी खाल्ली.

दुचाकीस्वार
अवांतर: आम्ही बाइकमध्ये कित्येक वर्षं ट्रकचंच तेल घालतो. क्लच घसरत नाही.

टप्पेट
बाइकचा क्लच तेलातच बुडालेला असतो. कारच्या पातळ तेलात घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी तो घसरतो. ट्रकच्या जाड तेलात ती बहुधा नसतात म्हणून चालून जातं. पण डब्यावर जासो एमए (बाइकच्या तेलाचं जपानी मानक) लिहिलेलं घ्या ना, ती चाचणीच क्लचची आहे.

निवांत
मी बाइकमध्ये केसाचं तेल घालतो. (ह.घ्या.)

घाट_उतरणी
हा धागा माझ्यासाठीच आहे, फक्त उलट्या बाजूने. माझी गाडी डिझेल कार. मला वाटलं, डिझेल कारला डिझेल ट्रकचं तेल म्हणजे सख्खं नातं. सीआय-४ घातलं, सलग चार सर्व्हिसना. मग डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा वरचेवर लागू लागला. लांब रस्त्यावर पळवली की जायचा, दोन दिवसांनी परत हजर. शेवटी फिल्टर काढून बघितला तर आत राख. काजळी नाही, राख.

फरक मला तेव्हा कळला. काजळी म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. गाडी रीजनरेशन करते तेव्हा फिल्टर तापून ती जळून जाते. राख येते ती इंजिनमध्ये जळलेल्या तेलातल्या धातूच्या क्षारांची. कितीही तापवा, राखेची राखच राहते. ती फिल्टर बाहेर काढून साफ करावी लागते किंवा फिल्टर बदलावा लागतो. सगळा दोष तेलाचा होता असं म्हणत नाही, माझं शहरातलं पाच-पाच किलोमीटरचं चालवणंही नडलं असेल. पण पुस्तकात एसीईए सी३ (युरोपातल्या कारकंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) लिहिलं होतं आणि मी ते पानच उघडलं नव्हतं.

स्निग्धा
घाट_उतरणी, अगदी नेमकं सांगितलंत. सी३ मध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यापर्यंतच चालते. सीजे-४ आणि सीके-४ ला १ टक्का. सीआय-४ ला अशी मर्यादाच नाही. ती ज्या काळात आली तेव्हा ट्रकना डीपीएफ नव्हते, मर्यादा घालायची कुणाला गरज वाटली नाही. कार घरापासून दुकानापर्यंत फिरते, फिल्टर नीट तापतच नाही, म्हणून तिला जास्त जपावं लागतं.

खडूस_काका
म्हणजे डिझेल कारला डिझेलचं तेल चालत नाही आणि पेट्रोल कारला चालू शकतं. मी सायकल घेतो.

टप्पेट
काका, चेनला तेल कुठलं घालणार?

हायवेवाला
दुसरा_गिअर, बायकोच्या टर्बोत मात्र घालू नका. एवढं मीही सांगतो. त्यात ०डब्ल्यू-२० असेल ना?

दुसरा_गिअर
हो, पुस्तकात ०डब्ल्यू-२०, एसपी. टर्बोला तर उलट जास्त मजबूत तेल लागेल ना? गरम होतं ते.

स्निग्धा
उष्णतेपेक्षा मोठी भानगड दुसरीच आहे. डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो इंजिनं कमी आरपीएमवर जोर लावून चालवली, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये चढ चढवत एक्सलेटर दाबला, की कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. एलएसपीआय म्हणतात त्याला. पिस्टनच्या कडेला, रिंगांच्या वर, तेल आणि इंधनाचा थेंब साठतो, तो उडून पेटतो असं मानतात. धक्का इतका जबर असतो की पिस्टनची रिंगांमधली कड तुटू शकते. चाचण्यांत दिसलं की तेलातल्या कॅल्शियम डिटर्जंटने हा प्रकार वाढतो, मॅग्नेशियमने तसा वाढत नाही. म्हणून २०१८ मध्ये एसएन प्लस आणि मग एसपी आलं, त्यात यासाठी वेगळी चाचणी आहे. एसपी मध्ये टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आहे, कारण ही पेट्रोल इंजिनंही काजळी करतात. जुन्या सीआय-४ तेलात कॅल्शियम भरपूर असू शकतं आणि त्याची एलएसपीआय साठी कुणी परीक्षाच घेतलेली नाही.

पान्ना_१३
शिवाय त्या इंजिनात कॅम पुढे-मागे सरकवायचं काम तेलाच्या प्रेशरवर चालतं. मार्ग सुईसारखे बारीक. जाड तेलाने ते उशिरा हलतात, कधी एरर येते. ग्राहक सेन्सर बदलत बसतो आणि दुखणं बादलीत.

आता जुन्या गाडीचं. टकटक चार-पाच सेकंदच आहे ना? मग तेल राहू दे, आधी फिल्टर बदल. फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते, गाडी बंद झाल्यावर तेल परत खाली उतरू नये म्हणून. रबर कडक झालं की रात्रभरात फिल्टर रिकामा. सकाळी आधी तो भरणार, मग वर तेल पोचणार, तोवर टकटक. जाड तेलाने हे बरं होत नाही, उलट दोन सेकंद वाढतील.

आणि ती बादली उघडी पडलेली होती का? दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकून बघ. तडतडलं तर आत पाणी शिरलंय.

दुसरा_गिअर
आज रविवार, सगळं करून बघितलं.

बादलीमागे लिहिलंय: सीआय-४ प्लस / एसएल. जुन्या गाडीच्या पुस्तकात: एसएल किंवा वरचं, आणि तापमानाचा पट्टा काढलाय. त्यात १५डब्ल्यू-४० चीही रेघ आहे, आमची थंडी तिच्यात आरामात बसते. १४ वर्षांत हे पान पहिल्यांदा उघडलं. दोन पानं चिकटलेली होती.

तेल पत्र्यावर टाकलं. धूर आला, वास आला, आतून ओरडा आला, पण तडतड नाही. ऑइलचं झाकण काढून टॉर्च मारला. आत चहासारखा तपकिरी रंग धरलाय, लगदा नाही. झाकणाखाली बोट फिरवलं तर नुसतं तेल. डिपस्टिकवर दोन सर्व्हिसच्या मध्ये पातळी फारशी उतरत नाही.

मग घालू का?

स्निग्धा
घाला. पुस्तकाने मागितलेलं अक्षर डब्यावर आहे, ग्रेड पट्ट्यात आहे, गाडी तेल खात नाही म्हणजे कन्व्हर्टरकडे फॉस्फरसही फार जाणार नाही. तेल खाणारी गाडी असती तर नको म्हटलं असतं.

पान्ना_१३
मी नाही म्हणणार हे माहीतच आहे. पण घालणारच असशील तर फिल्टर नवा, आणि पहिलं तेल ३ हजारावर काढ. फिल्टर फेकू नको, कापून बघ.

हायवेवाला
मेव्हण्याला कळवलं का?

दुसरा_गिअर
त्याला आधीच कळलंय. बायकोने सांगितलं. आता तो प्रत्येक फोनवर "काय म्हणतंय शिलाई मशीन?" विचारतो.

(अडीच महिन्यांनी)

दुसरा_गिअर
धागा वर काढतोय. ३ हजार किमी झाले. टकटक गेली! पहिल्या दिवसापासून. मेव्हणा म्हणतो तेल, पान्नादादा म्हणणार फिल्टर.

पान्ना_१३
फिल्टर.

टप्पेट
झिंक.

शंकेखोर
दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्यात. आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दुसरा_गिअर
ते सोडा, मला घाम फुटलाय. आज तेल काढलं, फिल्टर कापला. कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर पसरल्या तर त्यात चमचमणारा चुरा! भरपूर. लोहचुंबक फिरवलं तर चिकटतोय. गेलं का इंजिन?

निवांत
तेल ते तेल म्हणणारा मी नव्हे.

पान्ना_१३
थांब. फिल्टर कशाने कापलास?

दुसरा_गिअर
हॅकसॉने.

पान्ना_१३
मग चुरा डब्याच्या पत्र्याचाच असणार, अजून काय. फिल्टर करवतीने कापत नाहीत, त्याला कटर असतो. असो. घड्यांच्या खोबणीत आत, करवत पोचली नाही तिथला कागद ब्लेडने कापून घे. पेट्रोलमध्ये हलव, बाहेर मोकळ्यावर, आणि पांढऱ्या फडक्यावर पिळ. मग चुंबक फिरव.

दुसरा_गिअर
केलं. फडक्यावर काळे मऊ कण, बोटात चुरगळले की शाई होते. चुंबकाला काही नाही.

पान्ना_१३
कार्बन आहे तो. भर तेल.

हायवेवाला
कुठलं?

दुसरा_गिअर
बादलीत अजून साडेसहा लिटर आहे.